सहाव्या रिळाची उजवी बाजू

ए, ऐक ना. मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

वादळाचा दिवस आठवतो? सकाळी अकरालाच गाड्या बंद. खाली टोकियोतल्या त्या सगळ्या जिंबोचो पेठेची शटरं पडलेली, आणि वर चौथ्या मजल्यावर आमच्या ऑफिसात आम्ही चौघं अडकलेलो. आमचे त्सुकुदासाहेब, मी, ओरितो आणि मुनाकाता सेन्सेई. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, पंच्याहत्तरीचे. आम्ही जुन्या सिनेमांच्या डिस्क काढतो ना, त्यांवर ऐकू न येणाऱ्यांसाठी सबटायटल्स लिहितात ते. ओरितोला हे काम त्यांनीच शिकवलं. डिस्क निघायच्या आधी ती सगळं तपासते. आणि मी मशीनवर चित्र साफ करतो.

साफ म्हणजे साहेबांच्या भाषेत चकाचक, फिल्मचा दाणान् दाणा पुसलेला. गेली डिस्क बघून सेन्सेई मला म्हणाले होते, "माणसं कुठे गेली रे? या तर मेणबत्त्या उभ्या केल्यास!"

तर, अठ्ठावन्न सालचा एक सिनेमा. कोळ्यांच्या गावातला. चांगली प्रत एकच उरलेली, आठ रिळं. स्कॅन करायला कपाट उघडलं तर सातच! सहावं गायब. कपाटाच्या वहीत शेवटची सही कुणाची? ओरितोची. किल्ली कुणाकडे? ओरितोकडे.

मग सहाव्याच्या जागी टीव्हीवरून उतरवलेली जुनी टेप लावली. भुरकट, आणि टीव्हीत मावावं म्हणून रुंद चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या.

वादळाच्या दिवशी साहेबांचा संयम संपला. ओरितोला म्हणाले, "पाच वाजता प्रतीच्या मालकांना फोन करणार आहे. रीळ द्या, नाहीतर पोलिसांना तुमचं नाव देतो."

"मी नेलं नाही, साहेब."

"मग काय, पाय फुटले त्याला?"

ओरितो तरी जाणार कुठे? खालचं दार वाऱ्याने उघडत नव्हतं. मी तिला सेन्सेईंच्या डब्यातलं बिस्कीट दिलं. काळा लाखेचा डबा, पितरांच्या दिवसांत ते त्यातून ओहागी, म्हणजे भाताचे गोड लाडू, घेऊन आले होते, तेव्हापासून आमच्याकडेच राहिलेला. तिने घेतलं नाही. पडद्यासमोर बसली आणि तपासायला लागली. सहावं रीळ. तीच टेप.

घड्याळात तीन वाजलेले. एकदम थांबली.

"हायासे, हे बघ."

मी बघितलं. धक्क्यावरचा प्रसंग. नायिका डावीकडे उभी, आणि सबटायटलची उभी ओळ बरोब्बर तिच्या गालावर!

तुला कळलं का? आपली वरून खाली लिहिलेली उभी ओळ उजव्या कडेला असते. उजवीकडे कुणाचं तोंड आलं, तरच डावीकडे न्यायची. सेन्सेईंचा हा एकच धर्म, चेहऱ्यावर अक्षर नाही. यावरून त्यांनी ओरितोला पहिल्या वर्षी रडवलं होतं.

आणि उजवीकडे काय होतं? नुसता समुद्र.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा. मग खुर्ची वळवली.

"सेन्सेई, सहाव्याचं काम तुम्ही कशावरून केलंत?"

"टेपवरून. रीळ मी कुठे पाहिलं?"

"मग धक्क्यावरच्या अकरा ओळी डावीकडे का?"

"म्हातारा झालो, पोरी. डोळे गेले."

"बाकीच्या नऊशे ओळींत नाही गेले. याच अकरांत गेले?"

साहेब मधे पडले. "आता अक्षरांवरून काय? रीळ कुठंय ते बोला!"

"तेच बोलतेय, साहेब." ओरितो उठली, बिस्किटं माझ्या टेबलावर ओतली आणि रिकामा डबा सेन्सेईंसमोर ठेवला. "हा तुमचा ना?"

"हो. विसरलो होतो."

"वहीतल्या त्या शेवटच्या सहीच्या मंगळवारी मी कपाट बंद केलं, सही केली, किल्ली टेबलावर ठेवून चहा करायला गेले. तुम्ही आलात तेव्हा फडक्यात हा डबा बांधलेला होता. जाताना मी दारापर्यंत सोडायला आले, तेव्हाही तुमच्या हातात बांधलेलं फडकं होतं. डबा तर इथेच होता, सेन्सेई. मग फडक्यात काय होतं?"

बाहेर काचा थडथडत होत्या.

ओरितोने पडद्याकडे बोट केलं. "टेपमध्ये उजवी बाजू कापलेली आहे. तुम्ही घरी रीळ उजेडात धरून अख्खं चित्र पाहिलंत. तिथे कुणीतरी उभं आहे. तुमचा हात त्या चेहऱ्यावर अक्षर टाकायला धजला नाही, म्हणून ओळी डावीकडे गेल्या. अख्ख्या चित्रात डावी कड मोकळी असणार. टेपमध्ये तीच कापलेली, म्हणून ओळी नायिकेच्या गालावर आल्या. तुम्ही चोरी लपवलीत, पण सवय नाही लपवता आली."

सेन्सेईंनी चष्मा काढला.

"माझी बहीण आहे ती. इने. एकोणीस वर्षांची. शूटिंगवाल्यांनी टोपली देऊन उभं केलं होतं. पुढच्याच वर्षी वादळात घर गेलं, ती गेली, फोटोसुद्धा गेले. टीव्हीवर हा सिनेमा तीनदा लागला. तिन्ही वेळा ती कडेच्या बाहेर." मग माझ्याकडे बघितलं. "आणि आता हा तिची मेणबत्ती करणार होता."

"आणि मला पोलिसांत जाऊ देणार होतात?" ओरितोने विचारलं.

"पाच वाजायच्या आत सांगणार होतो."

"सांगणार होतात?"

सेन्सेईंनी मान खाली घातली. खरं सांगू, तिला उत्तर ऐकायचंही नव्हतं. रीळ त्यांच्या घरी होतं, बहिणीच्या नावाने ठेवलेल्या लाकडी पेटीत.

पाच वाजता साहेबांनी फोन केला. "रीळ सापडलं," एवढंच म्हणाले. ठेवल्यावर आम्हाला म्हणाले, "पोलीस नाहीत, कुणाचं नाव नाही. पण सगळी रिळं सारखी दिसली पाहिजेत. सहावंही चकाचक. नाहीतर मी पुन्हा फोन उचलतो, नावासकट."

काल रीळ स्कॅन झालं. ती इने दिसली, रे. अगदी कडेला, टोपली घेतलेली, नखाएवढा चेहरा. हसतेय की उन्हाने डोळे बारीक केलेत, कळत नाही. तो चेहरा त्या जुन्या फिल्मच्या दाण्यांचाच बनलाय. साफ केलं की दाणे जातात, आणि त्यांच्याबरोबर तीही. राहतो एक गुळगुळीत डाग.

साहेब दारात, हाताची घडी घालून. सेन्सेई बाहेरच्या बाकावर, आत यायला तयार नाहीत. ओरितो माझ्या खुर्चीमागे, तपासणीचा कागद हातात, तिच्या सहीची जागा अजून कोरी. आणि माझं बोट साफ करायच्या बटणावर.

मी काय केलं ते नंतर सांगतो. आधी तू सांग, त्या खुर्चीत तू असतास तर काय केलं असतंस?