मुसीवरच्या वाटेची फरशी

सुशीलाबाई जामबागेतल्या ऑफिसात आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. मुसी नदीकाठच्या उंच वाटेवर, भिंतीत बसवलेली फरशी काल भर दुपारी कुणीतरी फोडली होती.

त्या वाट वाचवू पाहणाऱ्या लोकांच्या वकील. एकोणीसशे आठच्या पुरानंतर लोकांनी ती वाट बांधली, बुडालेल्यांची नावं शहाबादी फरशीवर कोरली आणि शेवटी लिहिलं, ‘ही वाट सर्वांना कायम खुली राहील.’ आता, चौऱ्याण्णव साली, तिथे हॉटेल होणार होतं. वाटेची जुनी सरकारी फाइल गहाळ होती. उद्या अकराला न्यायाधीश ती ओळ पाहायला येणार होते. ओळ नसेल तर वाट गेली.

“हॉटेलवाल्यांशिवाय कोण?” बाळकृष्ण म्हणाले. सुशीलाबाईंनी बोलावलेल्या गुप्तहेर उषाबाईंचे ते मदतनीस; वीस वर्षं हे काम करूनही त्यांना पहिलाच माणूस गुन्हेगार वाटे.

पण हॉटेलचा मॅनेजर सौरभ त्यांच्याहून चिडलेला निघाला. ती ओळ मागाहून कोरली, हे दाखवायला त्याने तज्ज्ञ बोलावला होता. त्याला फरशी अखंडच हवी होती.

वाट झाडणारे दत्तोबा शहाऐंशीचे. आई पुरात गेली तेव्हा तान्हे होते. उषाबाईंनी कोर्टाची नोटीस पुढे केली. “अक्षर येत नाही बाई,” म्हणत त्यांनी ती परत दिली. त्यांच्या खिशात झेंडूचं ताजं फूल होतं.

भिंतीवर वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती छिन्नीच्या नेटक्या खुणा होत्या, बाकी नुसते ओरखडे. सुशीलाबाईंकडच्या जुन्या फोटोत तोच कोपरा हात फिरून गुळगुळीत झालेला, खाली झेंडू. शेवटची ओळ मात्र फोटोत पुढे उभ्या मुलांच्या पायांआड गेली होती.

संध्याकाळी तिघंही दत्तोबांच्या अंबरपेठेतल्या खोलीवर गेले.

“ओळ नष्ट करणारा खालून फोडेल,” उषाबाई हळू म्हणाल्या. “याने वरचं एक नाव जपून काढलं. रोज तिथे फूल असायचं. आज मोकळ्या भिंतीपाशी नव्हतं, आणि तुमच्या खिशात होतं. नाव कुठे गेलं, हे फूल वाहणाऱ्याला ठाऊक होतं.”

“हौ, मीच,” दत्तोबा म्हणाले. देवळीत फरशीचा तुकडा होता, त्यावर झेंडू. “मामानं बोट धरून दाखवलेलं आईचं नाव. हॉटेलवाले सगळं फेकणार म्हणत होते. बाकीची फरशी सुटली, खाली खडकावर पडून चुरा झाली.”

तीस वर्षं वाट झाडणाऱ्या या माणसाला ती ओळ कुणी कधी वाचून दाखवली नव्हती.

“बाकीच्यात काय लिहिलं होतं, बाई?”

सुशीलाबाईंनी उद्याची नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली.

“नावंच होती, दत्तोबा,” त्या म्हणाल्या. “अजून नावं.”