बारशाच्या फोटोतला पिवळा रंग

"आई, बाकी सगळ्यांचा रंग जागेवर आला गं... बाळच तेवढं पिवळं राहतंय!"

सुप्रियाचे शब्द कानी पडले आणि तांदूळ पाखडणाऱ्या सुंदराच्या हातातलं सूप तसंच थबकलं. लेकीचं खालापुरात फोटोचं दुकान. घरातले जुने फोटो स्कॅन करून, त्यांचे उडालेले रंग दुरुस्त करून, ती आईबाबांसाठी आल्बम करत होती. आज दुपारी ती लॅपटॉप घेऊन लोधिवलीला आली होती, आणि पडद्यावर होतं सुंदराच्या पहिल्या मुलाचं बारसं... सुप्रियाच्या जन्माआधीच गेलेल्या तिच्या भावाचं!

"अख्खा फोटो तांबूस पडला होता," सुप्रिया वडिलांना, धाकलूला, दाखवू लागली. "तो तांबूसपणा काढला. भिंत पांढरी झाली, झबलं पांढरं झालं, आजीचं लुगडंसुद्धा हिरवंगार झालं. पण बाळाचा चेहरा, हात... आणि हे बघा बाबा, डोळ्यांतला पांढरा भागही पिवळाच. हा फोटोचा दोष नाही. बाळाला कावीळ होती."

धाकलू पुढे वाकला. चष्मा पुसून पुन्हा वाकला.

किती वर्षं या माणसाने सुंदराला एकाच वाक्याने जाळलं होतं! 'ओलं बाळ घेऊन माहेरी पळालीस, वाऱ्यानं मारलंस त्याला.' भरल्या पंगतीत म्हणाला, सुप्रियाच्या लग्नात म्हणाला... कडावहून तिचा भाऊ पदू दारात आला, तर त्याला घोटभर पाणी विचारलं नाही. तो भाऊ वारला, तेव्हा शेवटचं तोंड पाहायलाही तिला जाऊ दिलं नाही! आणि सुंदराने मात्र त्या सगळ्या यातना मुकाट गिळल्या होत्या.

"तुला... तुला तवा दिसलं व्हतं?" धाकलूने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"आईला दिसणार नाय?" सुंदरा हळूच म्हणाली. "रोज सासूबायना सांगत व्हते, दवाखान्यात नेऊ या. त्या म्हणायच्या, अंघोळीची हळद हाय ती. तुमी खोपोलीला कंपनीत, आठवडा आठवडा घरी नाय. पोर दूध प्यायचं थांबलं, तवा उचललं नि पदूकडं धावले. त्यानं कुणाचा तरी टेंपो आणला... कर्जतचा दवाखाना समोर दिसत व्हता, नि माझ्या मांडीवरच..."

धाकलू तिच्याकडे वळला.

"मग सांगितलं का नाय गं? जलमभर माझी बोलणी खाल्लीस!"

"सासूबायनी पाय धरले व्हते माझे. म्हणाल्या, माझ्या लेकाला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाय. माझं लेकरू तर गेलंच व्हतं... त्यांचं कशाला तोडू?"

धाकलूने दोन्ही हातांत डोकं गच्च धरलं. त्याच्या छातीतून एक विचित्र आवाज फुटला. "पदूच्या पाया तरी पडलो असतो गं... तो पण ऱ्हायला नाय!"

"नाय ऱ्हायला," सुंदरा म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

सुप्रियाने डोळे पुसले. "आई, हा पिवळा रंग मला काढता येईल. पण..."

"नको!" धाकलू ओरडला. "ऱ्हाऊ दे तसाच. माझं पाप मला रोज दिसू दे."

"तुमाला दिसलं, तेवढं पुरे झालं," सुंदरा म्हणाली. "काढ गं सुप्रिया. बरा असता तर कसा दिसला असता... एकदा बघू दे मला."

सुप्रियाची बोटं चालू लागली. हळूहळू पिवळेपणा ओसरला, गाल गुलाबी झाले, डोळे निवळले... आणि ज्याला नऊ महिने पोटात वाढवलं, त्या आपल्या बाळाचा निरोगी चेहरा सुंदरा प्रथमच पाहत होती! इतकी वर्षं अडवून धरलेले अश्रू तिने आता अडवले नाहीत.

"अवो, बघा तरी... तुमच्यावरच गेलाय!" तिने नवऱ्याचा हात धरून त्याला पडद्याजवळ ओढलं.

धाकलूने तो हात घट्ट धरून ठेवला. पण मान काही त्याला वर करता आली नाही.