नवव्या रात्री झाकलेला उजेड

त्या रात्रीही वीज नव्हती. आमच्या काराकोली गावात कुणी गेलं की नऊ रात्री त्याच्या घरी जागायचं असतं. बायका आत प्रार्थना म्हणतात. अंगणात बसलेल्यांना कॉफी, डॉमिनो आणि निकानोर काका, एवढंच उरतं.

माझी मामेबहीण युर्लेईस फोन हलवत म्हणाली, "चार टक्के. ए, तुझा लॅपटॉप आणलायस ना? त्यावर लावते."

मी पिशवीत हात घातला, तेवढ्यात काका बोलले.

"मयताच्या घरी नको लावूस, पोरी."

"का? मयताचं बिल वाढतं?"

पोरं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी कॉफीचा पेला जमिनीवर ठेवला.

"एबेर्तोला विचार. फोन दुरुस्त करणारा एबेर्तो, माझा कोंपाद्रे. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मीच उभा होतो, तेव्हा खोटं सांगायचा नाही मला. आज तिसरीच रात्र आहे, म्हणून सांगतो. नववी असती तर तोंड उघडलं नसतं."

कुणीतरी डॉमिनोच्या सोंगट्या बाजूला सारल्या.

"गेल्या सप्टेंबरातला शेवटचा मंगळवार. वीज दुपारीच गेलेली. या गावाला वीज येते ती पाहुण्यासारखी, चहापाण्यापुरती."

"सौर पाट्या बसवल्या की असं होणार नाही," मी म्हटलं.

"बसव हो, बसव. शिकून आलीयेस, अंगात जोर आहे. आम्ही आता थकलो वाट बघून." काकांनी हात झटकला. "तर एबेर्तो दिवसभर लोकांचे फोन उघडून दमलेला. हॅमॉकमध्ये आडवा झाला, तोच देल्फिनाचा निरोप आला. लॅपटॉप घेऊन ये, अरिस्तिदेसचा फोन चार्ज होत नाही.

देल्फिनाचा नवरा अरिस्तिदेस आठवतो ना? मासेमार. होडीतच छाती धरून बसला, तो उठलाच नाही. त्या दिवशी त्याची नववी रात्र होती.

आणि त्यांची मुलगी यादिरा वाटेत होती. पोट भरायला परदेशी, उत्तरेकडे निघालेली, सरहद्दीवरच्या जंगलातून. बाप गेला तेव्हा ती जंगलात शिरायच्या बेतात होती. निरोप मिळाला, पण परतायची सोय नव्हती. म्हणाली होती, पलीकडे जिवंत निघाले तर नवव्या रात्री फोन करते. बापाच्या फोनवर. तेवढा एकच नंबर तिला पाठ."

"मग सिम काढून दुसऱ्या फोनात घालायची," युर्लेईस म्हणाली.

"एबेर्तो गाढव आहे का? ती करणार होती इंटरनेटवरून. ते खातं दुसऱ्या फोनात उघडायला अरिस्तिदेसचा गुप्त आकडा लागत होता, आणि तो आकडा घेऊन अरिस्तिदेस गेला. बॅटरीचे डबे म्हणशील, तर सगळ्या गावाचे रिकामे. राहिला एबेर्तोचा लॅपटॉप, अर्धा भरलेला.

एबेर्तोनं अरिस्तिदेसच्या खोलीत, त्याच्या टेबलावर सगळं मांडलं. फोन विझायला आलेला. केबल लावली. काही नाही. लॅपटॉपच्या डाव्या भोकातून काढून उजव्या भोकात लावली. काही नाही. केबल बदलली. टिंग वाजलं, बॅटरीचं चित्र आलं आणि गेलं. फोनचं भोक टाचणीनं साफ केलं, आतून माशाचे खवले आणि कापूस निघाला. परत लावली. टिंग. परत गेलं.

देल्फिना दारात उभी. म्हणाली, 'त्याचं तसंच होतं बाबा. विश्वासच नव्हता त्याचा कशावर. रात्रीतून दहादा उठायचा, काढायचा, लावायचा. टिंग वाजलं की म्हणायचा, ऐकलंस? लागला. काढून काढून भोक सैल केलंन. मग हिरव्या नायलॉननं केबल बांधून ठेवायचा, होडीला मारायची तीच गाठ.'

'ती गाठ कुठाय, मावशी?'

'कापली मी. तो गेला त्या दिवशी. घाण वाटली मला.' आणि रडायला लागली.

एबेर्तो म्हणाला, 'रडू नका, बोटानं धरून बसतो.' बसला. केबल एका बाजूला दाबून धरली की चार्जिंग चालू. सोडली की बंद. आणि लॅपटॉपमधून वीज मिळते ती अशी, थेंब थेंब. एक टक्का... दोन टक्के... बोट बधिर झालं. शेवटी त्यानं केबलखाली काडेपेटी सारली, वरून प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं. तीन टक्क्यांवर टिकलं.

आणि बाहेर, प्रार्थना सांगणाऱ्या पेत्रोनाबाईंनी हाक मारली. प्रार्थना संपली. आता मयतासाठी मांडलेली वेदी मोडायची."

काका थांबले. आतल्या बायकांचा आवाज क्षणभर मोठा झाला आणि खाली आला.

"नवव्या रात्री काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मेणबत्त्या एकेक करून विझवायच्या. वेदीवरची पांढरी चादर उतरवायची. दार सताड उघडायचं. घरात उजेडाचा ठिपका राहता कामा नये. गेलेला माणूस अंधारात उठतो आणि दारातून निघून जातो. कुठे उजेड दिसला, तर तिकडे वळतो.

पेत्रोनाबाईंनी विचारलं, 'सगळे दिवे मालवले?'

एबेर्तो खोलीच्या दारात उभा. मागे लॅपटॉप उघडा. झाकण मिटलं तर तो झोपतो, आणि झोपला की त्याच्या भोकांतून वीज येणं बंद. एबेर्तोनं त्यावर अरिस्तिदेसचंच पांघरूण टाकलं होतं. आणि त्यानं देल्फिनाकडे बघितलं. तीन टक्के. पोरीचा फोन कधीही येईल.

देल्फिनानं मान हलवली.

'मालवले,' एबेर्तो म्हणाला.

खोलीचं दार ओढून घेतलं. भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटची मेणबत्ती विझली.

तीसेक माणसं त्या घरात.

वेदीपाशी मयतासाठी ठेवलेला पाण्याचा पेला हलला. असं हलकं... दात आपटल्यासारखं.

मग सपाता. ओढत. अरिस्तिदेस पाय ओढायचा.

दाराकडे निघाल्या. दोन पावलं... तीन. उंबऱ्याजवळ थांबल्या.

सगळ्यांना वाटलं, गेला.

सपाता वळल्या.

एबेर्तोच्या समोरून गेल्या. वारा नाही. मासळीचा वास. खोलीचं दार त्यानं नीट ओढलेलं... ते करकरलं. उघडलं. मिटलं.

आतून आवाज आला.

टिंग.

कुणी हललं नाही.

टिंग.

काढायचा. लावायचा. काढायचा...

टिंग.

देल्फिनानं एबेर्तोचा हात धरला. नखं रुतली. ती कानाशी पुटपुटली, 'ऐकलंस?'

मग काहीच नाही. दाराखाली उजेडाची बारीक रेघ होती. ती गेली.

पेत्रोनाबाईंनी काडी ओढली. 'कोणी उजेड ठेवला होता?'

एबेर्तो दार उघडून आत गेला. पांघरूण घडी करून खाटेवर. लॅपटॉप मिटलेला. काडेपेटी आणि पुस्तक बाजूला, नीट एकावर एक. लॅपटॉप मिटलेला, म्हणजे वीज बंद. आणि फोन उजळलेला. बॅटरी भरलेली. पूर्ण. त्या भोकातून एवढी भरायला सकाळ झाली असती.

तेवढ्यात फोन वाजला.

यादिरा होती. देल्फिनानं केबलसकट कानाला लावला. पोरगी रडत होती, पण चालत होती, खात होती, पायाला फोड आले होते, बाकी धड. देल्फिना नुसती म्हणत होती, 'हो गं माझे आई, हो. जेवलीस का? जेवलीस का तू?' सगळं घर रडलं. एबेर्तो खाटेवर बसला.

फोन संपला तशा पेत्रोनाबाई म्हणाल्या, 'देल्फिना, तो गेलेला नाही. पुन्हा नऊ रात्री कराव्या लागतील.'

देल्फिनानं डोळे पुसले. दमलेली होती ती. तुम्ही बघितलं नाहीत तिला त्या दिवसांत. म्हणाली, 'करू हो पेत्रोना. पोरगी पोचू दे. तोवर असू दे त्याला. त्यालाही कुठे झोप लागणारे.'"

काकांनी गार कॉफी संपवली.

"पोचली ती?" मी विचारलं.

"वाटेतच आहे अजून. कुठल्यातरी गावात भांडी घासते, पुढच्या गाडीची वाट बघत. रविवारी फोन करते. तो फोन देल्फिनाच्या टेबलावर असतो, एबेर्तोनं केबल तिथंच सोडली. परत मागायला गेला नाही."

"भीतीनं?"

"केबल सुटेल तर ना. फोनभोवती बांधलेली होती. एबेर्तोनं सकाळी उजेड झाला तेव्हा पाहिलं. घट्ट, होडीला मारतात ती गाठ. हिरवा नायलॉन. मीही बघून आलो आहे, बोट लावून."

युर्लेईसनं आपला फोन केव्हाच खिशात घातला होता. तरी ती म्हणाली, "मग काय झालं? मासेमाराचं घर. पडलं असेल एखादं रीळ. अंधारात कुणीतरी बांधलं."

"एकच रीळ होतं," काका म्हणाले. "देल्फिनानं ते त्याच्या उशाशी ठेवलं, शवपेटीत. झाकणाला खिळे मी मारले."