वकीलभेद शून्य

ॲडव्होकेट यशोधन खातू न्यायगणित प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढले, ते शंका फेडून घ्यायला नव्हे, कौतुक लेखी मिळवायला. त्यांच्याबरोबर आलेल्या प्रभावती मांडवकर बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांचे पती रघुवीर पिंपळडोह धरणावर दरवाजाचालक होते. ऐन पुरात दरवाजा वेळेआधी उघडून खालच्या वस्तीतली सहा माणसे बुडवल्याचा त्यांच्यावर आरोप होता आणि अकरा महिने ते तुरुंगात होते. सोमवारी साक्षी सुरू होणार होत्या.

तांत्रिक फौजदारी खटल्यांत नाव मिळवलेल्या ॲडव्होकेट अरुंधती हळबे हा खटला घ्यायला तयार होत्या. अडचण एकच होती. आधीच्या वकिलाने ‘ना हरकत’ लिहून दिल्याशिवाय दुसरा वकील वकीलपत्र दाखल करत नाही, हा बारचा जुना शिष्टाचार आहे. वकिलांनी वकिलांच्या सोयीसाठी केलेला असल्यामुळे तो फार निष्ठेने पाळला जातो. प्रभावतींनी तीनदा विनवले, तीनदा खातूंनी नकार दिला.

“बाई, मी माझ्या तोंडाने सांगत नाही, यंत्र सांगतंय,” ते म्हणाले होते. “हळबेबाई आणि मी, फरक शून्य!”

“साहेब, तुम्ही जमिनीच्या वाटपाचे दावे चालवता, म्हणून आपलं विचारलं.”

“सव्वीस वर्षं चालवतोय. उगीच नाही.”

यंत्र म्हणजे निर्देशयंत्र. सोपवणी कायदा आल्यापासून, तज्ज्ञांच्या यादीत नसलेल्या प्रत्येक वकिलाला गंभीर खटला हाती घेताना या यंत्राचे प्रमाणपत्र काढून न्यायालयात लावावे लागे. हा वकील आणि त्या विषयातला उत्तम तज्ज्ञ, या दोघांच्या हातून तोच खटला गेला तर यशाच्या शक्यतेत किती अंतर पडेल, ते यंत्र मोजी. या अंतराला वकीलभेद म्हणत. तो बाराच्या वर गेला, तर खटला तज्ज्ञाकडे सोपवणे बंधनकारक होते; खाली राहिला, तर स्वतःकडे ठेवायला हरकत नव्हती. खातूंचा शून्य आला, त्या दिवशी बाररूममध्ये पेढे वाटले गेले. त्या वर्षी पेढे वरचेवर वाटले जात होते. तालुक्याचा बार राजधानीच्या तोडीला आला, असे अध्यक्षांनी भाषणातही सांगितले.

यंत्राचे एक जनक डॉ. नीलकंठ ओगले खिडकीशी उभे होते. खातूंचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे तुम्हाला लेखी काय हवंय, खातूसाहेब?”

“एवढंच, की मी हळबेबाईंच्या बरोबरीचा आहे. त्या माउलीची समजूत पटेल.”

“आणि तुमची?”

खातू हसले. ओगले हसले नाहीत.

“यंत्र दोन आकडे काढतं आणि तुम्हाला फक्त त्यांतली वजाबाकी दाखवतं,” ओगले म्हणाले. “मूळ आकडे झाकावेत, ही मागणी कोणाची होती, आठवतं?”

“आमच्या संघटनेची. वकिलांची अप्रतिष्ठा होते म्हणून. मी स्वतः सही केली होती.”

“उत्तम. आता बघा.”

पडद्यावर दोन आकडे उमटले. खातूंच्या हातून रघुवीर निर्दोष सुटण्याची शक्यता: शंभरात तीन. हळबे यांच्या हातून: शंभरात तीन.

खोलीतले वातानुकूलन मंद घुमत होते. खातूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे बदलले नाहीत.

“तीन? मग शून्याचा अर्थ...”

“तुम्ही त्यांच्याइतके चांगले आहात, असा कधीच नव्हता. आता त्या तुमच्याइतक्याच निरुपयोगी आहेत, असा आहे.”

“असं कसं होईल? पुरावा इतका पक्का नाही हो!”

“पुराव्याचा प्रश्नच नाही. सुरुवातीची शून्यं खरी होती. चोर कॅमेऱ्यात मुद्देमालासकट दिसतोय, तिथे कोणता वकील काय करणार? न्यायाधीशांच्या ते लक्षात राहिलं. पहिल्या पानावर शून्य दिसलं, की तज्ज्ञ आणूनही उपयोग नाही, म्हणजे खटल्यात दमच नसणार, असं ते धरून चालू लागले. उलटतपासणी आवरती घ्यायला सांगू लागले. आरोपी दोषी ठरू लागले. ते निकाल यंत्राने वाचले.”

“आणि चुकीचं शिकलं.”

“अगदी बरोबर शिकलं. प्रमाणपत्र लागल्यावर न्यायालय काय करील, हेसुद्धा ते हिशेबात धरू लागलं. तुमच्या खटल्यात त्याच्यापुढे दोन उत्तरं होती. अडतीस लिहिलं असतं तर अडतीस खरं ठरलं असतं, पण ढोबळमानाने. कुठे तीस, कुठे पंचेचाळीस. शून्य लिहिलं, की शून्यच खरं ठरतं, दर वेळी, तंतोतंत. आम्ही त्याला एकच आज्ञा दिली होती, चूक कमी कर. या जिल्ह्यात गेल्या वर्षी शंभरातले एकोणसत्तर वकीलभेद शून्य निघाले. पुढच्या वर्षी एखादाही वेगळा निघाला, तर मला नवल वाटेल.”

खातूंना बाररूममधले चेहरे आठवले. पेढा तोंडात धरून हसणारे, एकमेकांची पाठ थोपटणारे. त्या प्रत्येक पेढ्यामागे कोणीतरी आत गेलेला होता आणि कोणाच्याही तोंडाची चव बिघडली नव्हती.

“अडतीस म्हणालात. ते कुठून आलं?”

ओगलेंनी तिसरी ओळ उघडली. ‘प्रमाणपत्राविना, तज्ज्ञाच्या हातून: शंभरात एकेचाळीस.’

“यातून तुमचे तीन वजा करा. तज्ज्ञांना प्रमाणपत्र लागत नाही. पहिल्याच दिवशी, यंत्राला काही न विचारता, तुम्ही कागदपत्रं हळबेबाईंकडे दिली असतीत तर एवढी शक्यता होती. तुम्ही विचारलंत, तेव्हाच ती संपली.”

“मग ते प्रमाणपत्र काढून टाकू. अर्ज करतो.”

“दप्तरी लागलेलं प्रमाणपत्र निघत नाही. कलम नऊ.”

“कलमालाच आव्हान देतो! उच्च न्यायालयात जातो. तुम्ही हे आकडे शपथेवर सांगाल?”

“आम्ही गेलो होतो, खातूसाहेब. यंत्र बंद करा, म्हणून बनवणाऱ्यांनीच याचिका केली. असा दावा पूर्वी कोणी चालवलेला नव्हता, म्हणून त्याचा तज्ज्ञ यादीत नव्हता. तेव्हा आमच्या वकिलांना प्रमाणपत्र काढावं लागलं. जिथे तज्ज्ञच नाही, तिथे फरक काढणार कोणाशी? शून्य आलं.” ओगलेंनी पडदा मिटवला. “न्यायमूर्तींनी पहिलं पान पाहिलं आणि दुसरं उलटलं नाही. अकरा मिनिटं लागली. दहा मिनिटं आमचे वकील नमस्कार-चमत्कार करत होते.”

खातू बाहेर आले. प्रभावती बाकावरून उठल्या. काहीतरी सौम्य, अर्धवट बोलून वेळ मारून नेण्याची सव्वीस वर्षांची सवय खातूंच्या जिभेवर आली आणि तिथेच अडली. त्यांनी सगळे सांगितले. तीन, तीन आणि एकेचाळीस.

प्रभावती रडल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

“ते यंत्राचं मला सगळं नाही कळलं, साहेब. पण आरोपपत्र पहिल्यांदा वाचलंत, त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं?”

खातूंना ती संध्याकाळ लख्ख आठवली. जलशास्त्रज्ञाचा चाळीस पानी अहवाल, विसर्गाचे आलेख, नवव्या पानावर मिटलेली फाइल.

“मला हे जमणार नाही, असं वाटलं होतं.”

“मग तेवढंच सांगायचं होतं. मी त्याच पावली हळबेबाईंकडे गेले असते.”

खातू बाकावर बसले.

“हे तुरुंगातून दर भेटीत विचारतात, वकीलसाहेबांनी दरवाजाचं काही विचारलं का? मी म्हणते, विचारतील, मोठे वकील आहेत, त्यांना ठाऊकच असणार. अकरा महिन्यांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, तो दरवाजा उघडतात कसा.”

“कसा उघडतात?” खातूंनी विचारले.

“एकट्या माणसाने तो उघडतच नाही, साहेब. दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात. दुसरी किल्ली अभियंत्यांकडे असते.”