चाळणीच्या बदल्यात

"ओ मैडम! सुनिए ना... मेरी पैंट!"

भर पाटणकर बाजारात एक तरुण मुलगा असं ओरडत मागे लागला, तर मुलीने काय करावं? निवेदिताने चालण्याचा वेग वाढवला. पण तो धापा टाकत पुढे येऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "सॉरी... इसी में है. सच्ची."

आणि खरंच होती! टेलर मास्टर उरलेल्या कापडाचे तुकडे निवेदितासाठी बाजूला ठेवायचे. आज त्या चिंध्यांबरोबर या मुलाची नवीकोरी पँटही तिच्या पिशवीत गेली होती.

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं.

"मराठी?" या हिंदी बोलणाऱ्या शहरात मराठी ऐकून त्याचा चेहरा एकदम खुलला. "मग मराठीत विचारतो. कापणार तर नव्हतात ना?"

"कापड छान आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "एक मोठी पिशवी आरामात निघाली असती."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच मिटायचा. हे तिने पाहिलं... आणि तिने पाहिलं, हे त्यानेही पाहिलं.

त्याचं नाव सौरव. पडाव भागातल्या एका हॉटेलात तो हिशेब आणि बुकिंगचं काम सांभाळायचा. जुन्या कपड्यांतून पिशव्या, उशांचे अभ्रे, गोधड्या शिवणारी ही मुलगी कुठे राहते ते त्याने मास्टरांकडून काढलं, आणि मग त्याच्या वस्तू फाटायलाच लागल्या. आज बॅगेची चेन, उद्या छत्रीचं कव्हर.

"ही चेन तर चांगली चालतेय," निवेदिता म्हणायची.

"आता चालतेय. तुला बघून."

"चल, काहीही!" असं म्हणून ती मशीनवर मान खाली घालायची. मशीन मात्र जरा वेळ बंदच असायचं.

थंडी पडू लागली तेव्हा तो एक गाठोडं घेऊन आला. त्या दिवशी थट्टा नाही, काही नाही. गाठोडं त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"बाबांचे शर्ट आहेत," तो म्हणाला. बाबा गेल्या वर्षी गेले, हे तिला ठाऊक होतं. "आई कपाट उघडते, घडी मोडते, पुन्हा घालते. मतलब... काही बोलत नाही ती. याची गोधडी झाली तर निदान पांघरून झोपेल. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात दिले नसते मी."

निवेदिताने गाठोडं घेतलं, आणि त्याच क्षणी तिला स्वच्छ कळलं की या मुलावर आपलं प्रेम बसलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टांना ऊन दाखवावं म्हणून तिनेच ते गाठोडं दाराशी आणून ठेवलं. दाराशी तिचं आणखी एक गाठोडं कायम असायचं, तिच्या शिवणाला न चालणाऱ्या टेरिकॉटच्या कपड्यांचं. दोन्ही जुन्या चादरींत बांधलेली. तेवढ्यात गल्लीत बर्तनवालीची हाक आली. जुने कपडे द्यायचे आणि स्टीलचं भांडं घ्यायचं, या सौद्यात निवेदिताला कुणी हरवू शकत नसे.

"इतने में चलनी नहीं आएगी, दीदी."

"तो ये भी ले जाओ!" निवेदिताने हाताला लागलं ते दुसरं गाठोडंही पुढे सरकवलं. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती स्वयंपाकघरात धावली. परत येऊन चाळणी खिळ्याला अडकवताना ती गुणगुणत होती.

दुपारी कात्री घेऊन बसली, आणि गाठोडं शोधू लागली.

शोधता शोधता तिचे हात थांबले. कान तापले. माणूस गेलेल्या घराचा तेवढाच ठेवा, आणि आपण तो एका चाळणीवर उडवला! जुने कपडे हजीऱ्याच्या बाजारात विकायला येतात असं कुणी सांगितलं, म्हणून ती तिथे जाऊन ढिगारे उपसत बसली. सौरवच्या बाबांचा एकही शर्ट मिळाला नाही.

संध्याकाळी सौरव आला. "झाली सुरुवात?"

"हो... चालू आहे."

एवढं सोपं होतं खोटं बोलणं! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आता तिला त्याच्याकडे वर बघवेना. काही दिवसांनी तोही गप्प राहू लागला. चहा घ्यायचा, जरा बसायचा, जायचा. त्याने हसू नये असंच तिला वाटायचं, कारण त्याचा तो मिटलेला डोळा पाहिला की तिला रडू यायचं.

शेवटी एका ढगाळ दुपारी तिने चाळणी पिशवीत टाकली आणि पडाव गाठलं. सौरव हॉटेलबाहेरच्या टपरीवर उभा होता.

"तुझ्या बाबांचे शर्ट..." तिने चाळणी काढून बाकावर ठेवली. "मी बर्तनवालीला दिले. चुकून. त्यांच्या बदल्यात ही घेतली. आणि रोज तुझ्याशी खोटं बोलले. मला इतकी लाज वाटतेय, सौरव..."

तो चाळणीकडे बघत राहिला.

"माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "इथेच एका टेम्पोवाल्याच्या अंगावर बाबांचा चौकड्यांचा शर्ट पाहिला. आईने लावलेलं वेगळ्या रंगाचं बटण होतं त्याला. मागून... मागून बाबाच वाटले. मी हाकसुद्धा मारली."

निवेदिताचे डोळे भरून आले. "मग मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. रोज त्यासाठीच तर येत होतो. आणि तू रोज म्हणायचीस, चालू आहे." त्याने चाळणी उचलून तिच्या हातात दिली. "आता आईला सांगायचं. मी नाही. तू."

सौरवबरोबर त्याच्या घराचा जिना चढून ती त्याच्या आईसमोर, सुमनताईंसमोर, उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली. सुमनताईंनी सगळं ऐकून घेतलं. चाळणी हातात घेतली, फिरवून पाहिली. आणि मग अचानक त्या हसू लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"लग्न झाल्यापासून एखादं भांडं घ्यायचं होतं मला या शर्टांवर. बर्तनवाली दाराशी आली रे आली, की हे आतून ओरडायचे, 'सुमन, मी अजून जिवंत आहे!'"

सौरवने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटलं गं मला," त्या म्हणाल्या. "ते खोटं कशाला सांगू? पण स्वतः येऊन बोललीस."

"काकू, मी..." निवेदिताची मान खालीच होती.

सौरव आत गेला आणि एक निळा शर्ट घेऊन आला. "हा एक मी माझ्यासाठी ठेवला होता. घे. पण एका शर्टाची गोधडी कशी होणार?"

"हा मध्ये लावीन. आणि भोवती... माझ्या घरचे तुकडे. माझे लहानपणचे फ्रॉक, आईच्या साड्या."

"म्हणजे मध्ये आमचं, भोवती तुमचं," तो अगदी साळसूदपणे म्हणाला. "मग ही गोधडी राहणार कुणाच्या घरी?"

कितीतरी दिवसांनी निवेदिताने वर पाहिलं. त्याचा एक डोळा मिटला होता.

"जिथे... जिथे शिवणारी राहील, तिथे."

बोलून गेली, आणि पुन्हा कान तापले. पण ही लाज निराळी होती. हिच्यापासून पळावंसं वाटत नव्हतं.

सुमनताई चाळणी घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या. "पीठ चाळते. जेवूनच जा." दारात थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. "आणि तो शर्ट दाराशी ठेवू नकोस गं."