ताटातुटीचा पूल

"एकच तिकीट?" मी पुलाच्या तिकीटखिडकीतून विचारलं. "हा लाल पूल गाठभेटीचा आहे बरं का. एकटं गेलं की कुणीतरी भेटतं म्हणतात."

बर्फाळ पाऊस भुरभुरत होता. समोरच्या तरुणाच्या खांद्याला औषधाच्या बाटल्यांची पेटी होती. "मला पाइनची झाडं भेटली तरी पुरे," तो म्हणाला. "त्यांना इंजेक्शनं द्यायचीत."

झाडांचा डॉक्टर! मी कसंबसं हसू दाबलं. दोन तासांनी स्वारी कुडकुडत परत आली.

"कुणी भेटलं नाही हं. फसवलंत मला."

"असं? मग परत येताना पहिलं तोंड कुणाचं दिसलं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. तो मात्र बघतच राहिला...

नाव कुराता. दूर दक्षिणेचा, क्यूशूचा. आमच्या मात्सुशिमाच्या बेटांवरच्या पाइनना कीड लागू नये म्हणून बारा दिवसांसाठी आलेला. बुंध्याचा घेर मोजताना टेप धरायला त्याला कुणीतरी हवं होतं, आणि मला जेवणाची सुट्टी होती. झालं! रोज झाडाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. बुंध्याआडून टेप यायची आणि तिच्यामागून त्याची बोटं.

"चिनात्सु-सान, सोडा आता."

"आधी तुम्ही सोडा."

बाराव्या दिवशी एकच बेट उरलं, ओशिमा. चारला त्याची गाडी होती. क्यूशूत मोठी नोकरी वाट बघत होती. सेंदाईतही एक छोटी नोकरी मिळत होती, आमच्यापासून अर्ध्या तासावर. पण त्या नोकरीचं नाव त्याने एकदाच काढलं होतं, तेही माझ्याकडे न बघता.

ओशिमाच्या पुलापाशी माझे पाय थबकले. पूर्वी भिक्षू संसाराचे पाश तोडून त्या बेटावर जायचे. आमच्यात जोडीने तो पूल कुणी ओलांडत नाही. माझी मावशी हसत हसत गेली होती, होणाऱ्या नवऱ्याचा हात धरून. आज एकटीच चहाचं दुकान चालवते.

"मी नाही येत," मी म्हटलं. "थंडी आहे."

"बारा दिवस नव्हती?"

काय सांगणार? आपण जोडी कुठे होतो! त्याचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाला, आणि एकटाच पूल ओलांडून गेला.

मी कंटाळले, असंच वाटलं असणार त्याला. आता गप्प बसले तर जन्मभर हात चोळत बसेन... मी धावत धक्क्यावर गेले. बाबा कालवं वाढवायच्या दोऱ्या धूत होते.

"बाबा, होडी हवीय. ओशिमाला जायचंय."

"अगं, पूल आहे की तिथे."

"म्हणूनच तर!"

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता होडीचा दोर सोडला. "त्या डॉक्टरला जेवायला घेऊन ये," एवढंच म्हणाले.

वल्ही मारून दंड भरून आले. कुराता किनाऱ्यावर उभा, हातात टेप लोंबकळत होती.

"पूल सोडून होडीतून?"

"जोडीने तो पूल ओलांडला की ताटातूट होते," मी धापा टाकत म्हटलं. "आणि मला... मला ती नकोय."

तो टेप गुंडाळू लागला. मला वाटलं, संपलं सगळं. मग हळूच म्हणाला, "पण मी तर ओलांडून आलो. एकट्याने."

"एकट्याने ओलांडला तर जुनं काहीतरी तुटतं, एवढंच."

"काहीही?"

"काहीही."

"मग क्यूशूची नोकरी तुटू दे," तो म्हणाला. "सेंदाईला आजच फोन करतो. तुमच्या मनात काय आहे, तेच कळत नव्हतं हो मला!"

मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. शेवटच्या पाइनचा घेर आम्ही मोजला खरा, पण आकडा कुणालाच आठवेना. परत मोजावा लागला.

चारची गाडी गेली तेव्हा आम्ही होडीत होतो. वल्ही त्याच्या हातात होती, आणि होडी नुसती गोल गोल फिरत होती.

"द्या इकडे, कुराता-सान. असं तर उद्यापर्यंत पोचणार नाही."

"मला कुठे घाई आहे?" तो म्हणाला.