भरल्या पोटाची हरणं

"रेमी, तिसरा प्लॉय ठेव खाली! सीडरचं रान काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" नोएमी दारातून ओरडली.

"रान कुठं पळून जातंय? झाडंच आहेत ती!" असं म्हणत रेमीने लोण्याने माखलेलं ते धिरडं गुंडाळलं आणि सबंधच तोंडात कोंबलं.

फेब्रुवारीची सुट्टी लागून तीन दिवस झाले होते आणि तिन्ही दिवस सूर्य दिसला नव्हता. तेरा वर्षांची नोएमी आणि दहा वर्षांचा रेमी ही भावंडं दर हिवाळ्यात या आठवड्यात आजोबांकडे येत. आमच्या नदीकाठी आजोबांना पेपेर म्हणतात आणि आजीला मेमेर. मेमेर पानगळीच्या दिवसांत गेली होती. तिचा निळा एप्रन अजून खुंटीवर होता, आणि तिघंही त्याच्याकडे न बघता जेवायचे.

पेपेर आल्सीद म्हणजे जुने लाकूडतोडे. "आमच्या वेळी करवत सुरू झाली, की हरणं रानातून धावत यायची!" असं ते दरवर्षी सांगायचे. "झाड पडलं की शेंड्याच्या कोवळ्या डहाळ्या मिळतात, हे त्यांना पक्कं ठाऊक!"

"पेपेर, काहीही हं! करवतीला अस्वलसुद्धा घाबरेल!" असं पोरं दरवर्षी म्हणायची. यंदा पेपेरनी ते एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. त्यांचा एक गुडघा गेला होता. चार वर्षांत ते सीडरच्या रानात शिरले नव्हते.

शेजारचा जूड फाटकाशी उभाच होता. बर्फात रुतू नये म्हणून तिघांनी पायांना जाळीचे बूट बांधले आणि ते निघाले.

उघड्यावर बर्फ कमरेइतकं होतं, पण सीडरखाली जेमतेम गुडघाभर. वरच्या दाट फांद्या बर्फ झेलून धरतात आणि वाराही अडवतात. म्हणून हरणं हिवाळाभर इथंच राहतात. ये-जा करून त्यांनी बर्फात गल्ल्या पाडलेल्या असतात. त्याच गल्ल्यांतून फिरायचं, डहाळ्या कुरतडायच्या आणि ताकद जपून वापरायची! आणि या रानातली राणी म्हणजे मादाम. डावा कान फाटलेली ही हरिणी पानगळीत पाडसाला घेऊन घरामागच्या सफरचंदाच्या झाडाखाली यायची. मेमेर तिच्याशी तासभर बोलायची.

"थांबा!" जूड कुजबुजला.

गल्लीत एक हरिणी आडवी पडली होती. डोळे उघडे आणि पापण्यांवर बर्फ. थोडं पुढे दुसरी होती. अंगावर ना दाताची खूण, ना गोळीची.

"उपासमार," जूड म्हणाला.

"उपासमार? पोट बघ की! नगाऱ्यासारखं फुगलंय!" रेमी म्हणाला.

जूडच्या आईने फोन केला आणि दुपारी वनरक्षक मार्टिनबाई आल्या. त्यांनी हरिणीचं पोट चिरलं. आंबट भपका आला आणि पिवळा मका बाहेर घरंगळला.

"हिवाळ्यात यांचं पोट डहाळ्या नि साली पचवायला तयार झालेलं असतं," बाई म्हणाल्या. "अचानक मका खाल्ला, तर तो आत आंबतो. एक-दोन दिवसांत जनावर भरल्या पोटी मरतं. कुणीतरी दया दाखवतंय, पोरांनो."

"मग पकडा ना त्याला!" रेमी उसळला.

"दुष्ट असता तर पकडलं असतं. दयाळू माणसाला कोणत्या गुन्ह्यात पकडू? त्याला पटवावंच लागतं. आधी तो कोण, ते तर कळू दे."

"गावातला तो गान्यों!" जूडने छातीठोक सांगितलं. "दिवसभर बर्फावरची ती फटफटी उडवत असतो. तोच असणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हरणांच्या ताज्या पायवाटेने उलट निघाली. वाट सीडरच्या आडोशातून बाहेर पडली आणि उघड्या माळावर आली. तिथं बर्फ तुडवलेलं होतं. लाकडी डोणीभोवती मक्याचे दाणे सांडले होते. फटफटीच्या पट्ट्याची खूण मात्र कुठंच नव्हती. होती ती घसरगाडीची! एक रेघ बारीक, दुसरी रुंद. शेजारी माणसाची पावलं होती. डावं पाऊल दर वेळी फरफटलेलं.

"अरे, ही तर आपलीच गाडी!" रेमी आनंदाने ओरडला. "मागच्या वर्षी मी दगडावर आपटली होती ना, तेव्हा पेपेरनी तिला फळी ठोकली..."

त्याचा आवाज विरला. नोएमीने ते फरफटलेलं पाऊल पुन्हा एकदा निरखलं. जूड उगीचच बुटांचे बंद आवळत राहिला.

घरामागच्या पडवीत मक्याची पोती होती आणि त्यांवर मेमेरचा निळा पत्र्याचा मग.

जेवताना नोएमीने सरळच विचारलं. पेपेरनी चमचा खाली ठेवला.

"तुझी आजी शेवटी काय म्हणाली, ठाऊक आहे? 'आल्सीद, मादामवर लक्ष ठेव.' ठेवतोय मी."

"पण मक्यानं ती मरताहेत, पेपेर!"

"माझ्यासमोर एकसुद्धा मेलेलं नाही! पोटभर खातात आणि धडधाकट परत जातात. त्या मार्टिनला पुस्तकातलं कळतं. मी रानात जन्म काढलाय!"

नोएमीला रडू आलं आणि रागही आला. चार वाजता ते पुन्हा मका नेणार होते. पडवीमागे तिघांची सभा भरली.

"ते खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "मका खातात ती माळावर आणि मरतात सीडरमध्ये. पेपेर तिथं जातच नाहीत, मग दिसणार कसं? त्यांना आत न्यायला हवं."

"त्या गुडघ्यानं? बोलावलं तर येतील का?" जूडने विचारलं.

"मी पाय मोडतो!" रेमी उत्साहाने म्हणाला. "म्हणजे, खोटा खोटा!"

चारला पाच मिनिटं कमी असताना नोएमी धापा टाकत पडवीत आली. "पेपेर! रेमी सीडरमध्ये पडलाय! पाय मुरगळलाय!"

पेपेरनी गाडीवरची पोती लाथेने खाली लोटली आणि रिकामी गाडी स्वतःच ओढत निघाले. लंगडत, पडत, जगातल्या सगळ्या पोरांना शिव्या घालत. नोएमी मागून ढकलत होती आणि तिची मान वर होत नव्हती.

रेमी खरंच रडत होता. त्याला सोंग आणावं लागलं नव्हतं. त्याच्या शेजारी आठ-नऊ महिन्यांचं पाडस पडलं होतं. मादामचं. ते नुकतंच गेलं होतं. जूड टोपी काढून उभा होता.

"तुझा पाय?" पेपेरनी विचारलं.

"बरा आहे," रेमी हुंदका देत म्हणाला.

पेपेरना सगळं कळलं. ते कसेबसे खाली बसले. पाडसाच्या टम्म पोटावर हात ठेवला. मग त्याच्या ओठातून बोटाने एक पिवळा दाणा काढला. गल्लीत पुढे आणखी दोन उंचवटे दिसत होते.

"हे मी केलं?" त्यांनी विचारलं. वीस पावलांवर एका बुंध्याआड मादाम उभी होती.

"तिनं खाल्लाय का?" नोएमीने हळूच विचारलं.

"काल. दोन घास असतील, फार तर." पेपेरनी तो पिवळा दाणा मुठीत आवळला. "देवा, दोनच असू देत."

दुसऱ्या दिवशी माळावर डोणी नव्हती, सांडलेला दाणा न् दाणा पोरांनी वेचला होता. पोती जूडच्या कोंबड्यांकडे गेली होती. मार्टिनबाई आल्या, तेव्हा पेपेर फळीवरची यंत्राची करवत खाली काढत होते.

"कडेचे मेपल तेवढे पाडायचे," ते म्हणाले. "सीडरला हात लावायचा नाही. ते त्यांचं घर आहे."

करवत घुरघुरली आणि सबंध रान दणाणलं. मेपल कडाडून बर्फात आडवा झाला. पोरं श्वास रोखून बघत राहिली.

सीडरच्या काळोखातून एक नाक बाहेर आलं. मग दुसरं!

"आई शप्पथ! पेपेर, तुम्ही खरंच सांगत होता!" रेमी पुटपुटला.

हरणं पडलेल्या शेंड्यावर तुटून पडली. नोएमी मोजत होती. नऊ... दहा... अकरा. फाटका कान मात्र त्यांत नव्हता.

पेपेरनी दुसरा मेपल पाडला, मग तिसरा. झाडागणिक ते जास्तच लंगडत होते.

"बस झालं, पेपेर!" नोएमी म्हणाली.

"आणखी एक."

चौथा मेपल पडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अगदी उशिरा मादाम आली. हळूहळू, थांबत थांबत. तिच्यामागे कुणी नव्हतं. तिने एकदा वळून रानाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि डहाळी तोडली.

"शाबास, पोरांनो!" मार्टिनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी महिनाभर समजावलं असतं, तरी यांनी माझं ऐकलं नसतं."

"ऐकलं नसतंच," पेपेर म्हणाले. "मला फसवलंत तुम्ही, लबाडांनो. फार बरं केलंत."

मग मादामकडे बघत ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लक्ष ठेव म्हणाली होती ती. खायला घाल नव्हती म्हणाली. आणि मी नुसता वाढत बसलो!"

जूडने करवत उचलून गाडीवर ठेवली.

"नोएमी," पेपेर म्हणाले, "माझे जाळीचे बूट माळ्यावर आहेत. घरी गेलो की खाली काढ. उद्यापासून मी आत जाऊन बघणार आहे."